सरासरी तापमान आणि एक रात्र

हिमालयाच्या पायथ्याशी आंबा, लिची किंवा ॲव्होकॅडो पिकू लागल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. एक हिरवीगार टेकडी, फळांनी वाकलेली फांदी, शेजारी उभा असलेला समाधानी बागायतदार आणि अखेरच्या परिच्छेदात हवामानबदलाचा उल्लेख. थंडी ओसरत चालली आहे, सफरचंद डोंगरात वर वर सरकते आहे आणि त्याने मोकळी केलेली जमीन उष्ण प्रदेशातल्या फळांना खुली होत आहे, असे तात्पर्य वाचकाच्या हाती ठेवले जाते. तापमानवाढीच्या एकूण काळ्याकुट्ट चित्रात ही एक रुपेरी कडा म्हणून मिरवली जाते.

हिमाचल प्रदेशात तर यासाठी स्वतंत्र प्रकल्पच उभा आहे. जून २०२३ मध्ये केंद्र सरकार आणि आशियाई विकास बँक यांच्यात १३ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. बिलासपूर, हमीरपूर, कांगडा, मंडी, सिरमौर, सोलन आणि उना या सात जिल्ह्यांतल्या सुमारे ६००० हेक्टरांवर पाण्याची सोय करायची, पेरू, लिंबूवर्गीय फळे, डाळिंब, लिची, आंबा अशा फळांच्या बागा उभ्या करायच्या आणि किमान १५,००० शेतकरी कुटुंबांचे उत्पन्न वाढवायचे, असा त्याचा आराखडा आहे. पाण्याचा अभाव आणि वन्य व मोकाट जनावरांचा उपद्रव यांमुळे या भागातल्या अनेकांनी शेती कमी केली किंवा सोडूनच दिली. त्यांना पुन्हा जमिनीकडे वळवण्याचा हेतू रास्त आहे. आंबाही तिथे परका नाही. कांगड्याच्या सखल भागात, नूरपूर-इंदौरा पट्ट्यात आमराया जुन्या आहेत. प्रश्न प्रकल्पाचा नाही. तो भोवतालच्या चर्चेत गृहीत धरल्या जाणाऱ्या एका तर्काचा आहे: सरासरी तापमान वाढले, म्हणजे उष्ण प्रदेशातले झाड आता जगेल.

झाडाला सरासरी कळत नाही. सफरचंद आणि आंबा यांच्यातला भेद इथेच आहे, आणि तो बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही. सफरचंदाचा थंडीशी असलेला व्यवहार बेरजेचा असतो. हिवाळ्यात साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली किती तास गेले, याचा हिशेब कळ्यांमध्ये साठत जातो. डेलिशस गटातल्या जुन्या वाणांना असे सुमारे हजार किंवा त्याहून अधिक तास लागतात. एखादा आठवडा उबदार गेला तर हिशेबात थोडी तूट येते, झाड मरत नाही. म्हणूनच या बाजूने माणसाला बरीच मोकळीक मिळते. बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी आंब्या-डाळिंबाच्या उंचीवर वाढणारे, अगदी कमी थंडीवर फळणारे एचआरएमएन-९९ हे सफरचंद निवडले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. थंड प्रदेशातले फळ खाली आणण्याची ही गोष्ट निवडीने, चिकाटीने साधता आली.

आंब्याचा थंडीशी असलेला व्यवहार बेरजेचा नाही, तो मर्यादेचा आहे. पूर्ण वाढलेले झाड उणे ४ अंशांच्या आसपासची थंडी काही तास, फांद्या गमावून का होईना, सोसते. कोवळे कलम उणे १ ते उणे २ अंशांतच दगावू शकते. मोहोर आणि सुपारीएवढी फळे तर गोठणबिंदूची वाटही पाहत नाहीत. ४-५ अंशांत काही तास गेले तरी त्यांना इजा होते. इथे वर्षभराचे ३६४ दिवस कितीही प्रेमळ गेले तरी उरलेल्या एका रात्रीपुढे त्यांचे काही चालत नाही. ॲव्होकॅडोतही हाच प्रकार आहे, फक्त कुळागणिक मर्यादा वेगळी. मेक्सिकन कुळातली झाडे उणे ६ अंशांपर्यंत तग धरतात, ग्वाटेमालन त्याहून नाजूक, आणि वेस्ट इंडियन कुळातली उणे १-२ अंशांतच हार मानतात. रोपवाटिकेतून ‘ॲव्होकॅडो’ एवढ्याच नावाने घेतलेले रोप यांपैकी कोणत्या कुळातले आहे, हा प्रश्न डोंगरातल्या शेतकऱ्याने किमतीच्या आधी विचारायला हवा.

आता ती एक रात्र कशी असते, हे पाहू. ती बहुधा सुंदर असते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी. जमीन आणि पाने आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे फेकत राहतात आणि ढगांचे पांघरूण नसल्याने ती परत येत नाही. पानाचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. जमिनीलगतची हवा गार, म्हणून जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत दरीच्या तळाशी साचते. भूगोलाच्या पुस्तकात हिला तापमानाची विपरीतता म्हणतात: वर जावे तसे गार होण्याऐवजी काही उंचीपर्यंत उबदार होत जाते. त्यामुळे एकाच गावात, एकाच उतारावर, तळातली बाग करपते आणि तिच्यापेक्षा पन्नास-साठ मीटर वरची बाग वाचते. जुन्या डोंगरी वस्त्या अनेक ठिकाणी दरीच्या तळाशी न बसता उतारावर बसलेल्या दिसतात. त्याची कारणे अनेक असली तरी, थंड हवेच्या या ओघळीपासून मिळणारी सुटका हे त्यांपैकी एक असावे असे मानायला जागा आहे.

आणि ही रात्र हवामानखात्याच्या आकड्यात पुरती उमटत नाही. वेधशाळेतला तापमापक स्टीव्हन्सन पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत आणि आडोशाने टांगलेला असतो. ते योग्यच आहे, कारण जगभरची मोजणी एकसारखी हवी. पण निरभ्र रात्री गवताच्या पातळीवरचे तापमान त्याहून कित्येक अंशांनी कमी असू शकते. मराठी वाचकांना याचे उदाहरण दरवर्षी घरबसल्या मिळते. महाबळेश्वरचे अधिकृत किमान तापमान शून्याच्या बरेच वर असते आणि त्याच पहाटे वेण्णा तलावाकाठी गवतावर, मोटारींच्या टपांवर दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. दीड-दोन फूट उंचीच्या आंब्याच्या कलमासाठी मात्र दुसरी बातमीच कामाची असते.

व्याख्यांचीही गंमत आहे. डोंगराळ भागात थंडीची लाट जाहीर करण्यासाठी किमान तापमान शून्य किंवा त्याखाली जावे लागते. म्हणजे पारा २ अंशांवर थांबला, तर शासकीय परिभाषेत लाट आलीच नाही. आंब्याचा मोहोर तोवर काळा पडलेला असतो.

एका रात्रीने काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेच्या फ्लोरिडात आहे आणि त्याचे एक टोक पुण्यात आहे. १८८९ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याने पुण्याहून आंब्याची कलमे मागवली. त्यांतली ‘मलगोबा’ नावाची काही कलमे आजच्या वेस्ट पाम बीचजवळ एल्ब्रिज गेल या निवृत्त प्राध्यापकाच्या जागेत लागली. डिसेंबर १८९४ च्या अखेरीस फ्लोरिडावर कडाक्याची थंडी कोसळली. संत्र्यांची फळे आणि पाने गेली, पण झाडे जिवंत राहिली. मग जानेवारी उबदार गेला. झाडांनी ओळखले की हिवाळा संपला. रस चढला, कोवळी पालवी फुटली. फेब्रुवारी १८९५ मध्ये थंडी परतली तेव्हा झाडांचा काटकपणा पार उतरलेला होता. खोडे जमिनीपर्यंत मेली, उत्तर फ्लोरिडाचा संत्रा-उद्योग कोसळला आणि बागायतदार दक्षिणेकडे सरकले. पुण्याहून गेलेल्या मलगोबाच्या कलमांपैकी एकच झाड उरले.

त्या उरलेल्या झाडाच्या फळांतून कॅप्टन हेडन यांनी १९०२ मध्ये बिया लावल्या आणि ‘हेडन’ हा फ्लोरिडाचा प्रसिद्ध वाण जन्मला. हेडनच्या बीपासून ‘लिपेन्स’, लिपेन्सच्या बीपासून १९३९ मध्ये लावलेल्या रोपातून ‘अर्विन’. आणि हा अर्विन म्हणजे ज्याची लाखो रुपये किलोची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरतात तो ‘मियाझाकी आंबा’. मियाझाकी हा जपानमधला प्रांत आहे, आंब्याचा वाण नव्हे. तिथे अर्विनची झाडे उबदार ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या घरांत वाढवतात, प्रत्येक फळाला जाळीची पिशवी बांधतात, फळ आपोआप सुटून जाळीत पडेपर्यंत थांबतात. किमान ३५० ग्रॅम वजन आणि १५ टक्के गोडी असलेल्या निवडक फळांनाच ‘तायो नो तामागो’, म्हणजे ‘सूर्याचे अंडे’, हे नाव मिळते. २०१९ च्या हंगामातल्या पहिल्या लिलावात दोन फळांच्या जोडीला ५ लाख येन मिळाले, हे खरे; पण तो मुहूर्ताच्या लिलावाचा मान होता, बाजारभाव नव्हे. किंमत मोजली जाते ती काचेआडच्या उबेची, मजुरीची आणि निवडीची. ‘मियाझाकीचे रोप’ म्हणून चढ्या दराने कलम विकणारे रोपवाटिकावाले त्यांतले काहीच विकत नाहीत. फार तर पुण्याहून गेलेल्या झाडाची पणती ते पाहुणी म्हणून परत आणतात. ती पणती उघड्यावर लावली तर तिची थंडीची मर्यादा हापूसपेक्षा फार वेगळी नसते.

फ्लोरिडाच्या गोष्टीतला खरा धडा उबदार जानेवारीत आहे. थंडी हळूहळू वाढत गेली तर झाडे काही प्रमाणात काटक होतात. पेशीरसातली शर्करा वाढते, वाढ थांबते. मधूनच ऊब आली की ही तयारी मोडते. तापमानवाढीने हिवाळे सौम्य होत आहेत, हे मान्य. पण सौम्य हिवाळा म्हणजे दहिवर नसलेला हिवाळा नव्हे. पश्चिमी विक्षोभ सरकून गेल्यावर निरभ्र, निवांत रात्र यायची ती येतेच. लवकर फुटलेली पालवी आणि जानेवारीतच आलेला मोहोर घेऊन झाड त्या रात्रीला सामोरे गेले, तर थंडी पूर्वीपेक्षा कमी असूनही हानी पूर्वीपेक्षा जास्त होऊ शकते. ‘ऊब वाढली, धोका घटला’ हे सूत्र म्हणूनच धोकादायक आहे. धोका सरकला आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते.

समजा, झाड जगले. तरी फळेल का? उष्ण प्रदेशातल्या झाडांविषयीची सर्वांत रंजक गुंतागुंत इथे आहे. आंब्याला आणि लिचीला मोहोरासाठी थोडी थंडी हवीच असते. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरले की पक्व फांदीला मोहोराचा संकेत मिळतो. कोकणातला बागायतदार डिसेंबरात थंडी पडण्याची वाट पाहतो ती याचसाठी. लिचीला तर हिवाळ्यातला गारवा आणि कोरडेपणा यांशिवाय धड मोहोरच येत नाही. देहरादून आणि मुझफ्फरपूर ही नावे त्या फळाला चिकटली त्यामागे हे कारण आहे. पण संकेत देणारी थंडीच पुढे लांबली तर घात करते. थंडीत उमललेल्या मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते आणि फळ धरू शकणारी द्विलिंगी फुले कमी पडतात. परागनलिका मंदावते, मधमाश्या आणि माश्या फिरकत नाहीत. फलन होऊनही गर्भ मरतो आणि फांदीवर कोय नसलेली, अंगठ्याएवढी खोटी फळे लटकत राहतात. त्यातच उत्तर भारतात मोहोराची विकृती हा बुरशीजन्य रोग आहे, ज्यात मोहोराचे फुलकोबीसारखे गच्च गड्डे होतात. दक्षिणेच्या मानाने उत्तरेत तो कितीतरी अधिक आढळतो.

ॲव्होकॅडोचे वेळापत्रक आणखी नाजूक. त्याचे प्रत्येक फूल दोनदा उमलते, एकदा मादी म्हणून आणि एकदा नर म्हणून. ‘अ’ गटातली झाडे सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. ‘ब’ गटाचे नेमके उलट. म्हणून दोन्ही गटांची झाडे शेजारी हवीत. हवा गार असली की हे घड्याळ बिघडते, उमलण्याच्या वेळा घसरतात आणि परस्परपूरक जोड्या एकमेकींना चुकतात. झाड हिरवेगार, फुलांनी लगडलेले आणि फळ नावाला नाही, अशी स्थिती येऊ शकते. बातमीतल्या छायाचित्रात मात्र लगडलेल्या फांदीचे झाडच येते.

थंडीच्या पलीकडची अडचण पाण्याची. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागा आणि ग्रानादा प्रांतांत, आंबा आणि ॲव्होकॅडो व्यापारी प्रमाणावर पिकतात. उत्तरेकडून सिएरा नेवाडा पर्वत थंड वारे अडवतो, दक्षिणेला समुद्र ऊब धरून ठेवतो, म्हणून तिथे थंडीचा प्रश्न निसर्गानेच बराचसा सोडवला आहे. तरी २०२२ नंतरच्या दुष्काळात ला विन्युएला हे मालागाचे मोठे धरण क्षमतेच्या दहा टक्क्यांखाली गेले आणि बागायतदारांना झाडे वाचवण्यासाठी फांद्या छाटाव्या लागल्या, काही बागा सोडाव्या लागल्या. सदाहरित झाड उन्हाळ्यातही पाणी मागते; हिमाचलातल्या अनेकांनी शेती सोडली तीही पाण्यावाचूनच. प्रकल्पाने सिंचनाला अग्रस्थान दिले आहे, ही त्याची सर्वांत शहाणी बाजू म्हणावी लागेल.

भारतात या एका रात्रीची किंमत मोजून झालेली आहे. डिसेंबर २००२ आणि जानेवारी २००३ मध्ये उत्तर भारतात दीर्घ थंडीची लाट आली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांनी तिच्या परिणामांची नोंद केली. आंबा, लिची, पपई यांच्या बागांना, विशेषतः कोवळ्या लागवडीला आणि थंड हवा साचणाऱ्या सखल जागांना, मोठा फटका बसला. त्याच थंडीने सफरचंदासारख्या शीत फळांचे भले केले. एकच हवामान, एकाच वर्षी, एका पिकाला तारक आणि दुसऱ्याला मारक. फळझाडांचे नियोजन पिकाच्या नावाने न करता जागेच्या नावाने व्हायला हवे, ते यासाठी. एका उताराच्या मधल्या पट्ट्यात लिची शोभेल आणि तळात कमी थंडीवर फळणारे अलुबुखार किंवा पीच. जिल्हावार ‘शिफारस केलेली फळे’ अशी यादी या वास्तवापुढे अपुरी पडते.

विम्याचेही तसेच. २०१६ पासून लागू असलेल्या हवामानाधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीवरून. मैदानात हे एक वेळ चालेल. डोंगरात केंद्र धारेवर आणि बाग तळात असेल, तर केंद्राला ५ अंश दिसतात आणि बागेत दहिवर पडलेले असते. शेतकऱ्याचे नुकसान खरे, केंद्राची नोंद खरी आणि तरी भरपाई शून्य. शिवाय झाडाला सर्वांत मोठा धोका पहिल्या चार-पाच वर्षांत असतो, जेव्हा उत्पन्न काहीच नसते आणि गुंतवणूक सगळी झालेली असते. ज्या कुटुंबाने बिघा-दोन बिघे जमिनीवर मका सोडून आंबा लावला, त्याला पाचव्या हिवाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला सांगणे म्हणजे शेती सोडायला सांगण्यासारखेच आहे. अशा कुटुंबांच्या नावे कर्ज काढणाऱ्या योजनेने कोवळ्या झाडांच्या जोखमीचा स्वतंत्र विचार केलाच पाहिजे.

उपाय नवे शोधायची गरज नाही. दहिवराच्या रात्री हलके पाणी देणे हा जुना उपाय आहे. ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते, आणि पाणी गोठताना दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर टाकते. शेकोट्यांचाही उपयोग होतो, मात्र तो आगीच्या उष्णतेचा आणि तिने ढवळल्या जाणाऱ्या हवेचा. धुराचे पांघरूण उष्णता अडवते ही समजूत फारशी टिकत नाही, कारण धुराचे बारीक कण अवरक्त किरणांना जवळजवळ मोकळी वाट देतात. काटक खुंटावर कलम, वाऱ्याच्या बाजूला सजीव कुंपण, आणि थंड हवेला खाली वाहून जायला कुंपणातच ठेवलेली मोकळी वाट, ही सारी शहाणपणाची कामे आहेत.

त्याआधी मात्र मोजायला हवे. जिथे बाग लावायची त्या उताराच्या माथ्यावर, मध्यावर आणि तळाशी, गवताच्या उंचीवर, एकेक किमान तापमापक दोन हिवाळे ठेवला, तर कोणत्याही उपग्रह-नकाशापेक्षा उपयोगी माहिती मिळेल. सोलनजवळच्या नौणी येथील उद्यानविद्या विद्यापीठाचे विद्यार्थी, तालुक्यातली महाविद्यालये, अगदी शाळासुद्धा हे काम करू शकतात. खर्च एका चांगल्या कलमाच्या किमतीहून फार वेगळा नाही. कोट्यवधी डॉलरच्या प्रकल्पात ही दोन वर्षांची वाट पाहणे कोणाला परवडत नाही, हीच अडचण आहे.

उत्तर भारतात कोवळ्या आंब्याभोवती गवताचे छप्पर बांधण्याची रीत आहे. तीन बाजू झाकायच्या आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन आत येते आणि रात्रीचे आकाश दिसत नाही. विकिरणाचे सारे भौतिकशास्त्र त्या गवताच्या पेंढीत आहे. फेब्रुवारीत दोन दिवस ऊन तापले की छप्पर उतरवण्याची घाई होते. फ्लोरिडातली दुसरी थंडी फेब्रुवारीतच आली होती.